सीताफळाच्या बिया आणि आतड्याच्या कॅन्सरच्या पेशी : एका पीएचडीचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण मराठवाड्यातल्या एका कॉलेजच्या रिसर्च सेंटरमधलं आहे. कॉलेज, गाव, माणसं कुणाचंच नाव देत नाही, विद्यार्थिनीला विचारूनच लिहितोय. मी तिचा को-गाईड होतो, पेशींचं सगळं काम माझ्यासमोर झालं, आणि यातले दोन चुकीचे निर्णय माझे आहेत, ते जिथले तिथं सांगतोच.

पोरगी धारूरकडची. बालाघाटाचा डोंगर, मुरमाड बरड रान, सोयाबीन-कापूस धड येत नाही पण सीताफळ येतं आणि लई गोड येतं. बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हापासून भाव जरा सुधारला, गर काढणारी युनिटं आली, आणि त्या युनिटांमागं बियांची पोतीच्या पोती पडून राहायला लागली. तिचे वडील म्हणायचे ह्या बियांचं काहीतरी कर. गावातल्या बायका बियांची पूड उवांसाठी डोक्याला लावतात, आणि लावताना लेकराचे डोळे फडक्यानं बांधतात, कारण ती पूड डोळ्यात गेली की बुबुळाला इजा होते. म्हणजे ह्या बीमध्ये काहीतरी जालीम आहे हे गावाला आधीपासून ठाऊक होतं.

ते जालीम म्हणजे ॲसिटोजेनिन नावाची संयुगं. सीताफळ, रामफळ, लक्ष्मणफळ ह्या सगळ्या कुळात ती सापडतात. लांब शेपटाचे, मेणासारखे रेणू असतात आणि ते पेशीच्या मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे पेशीच्या वीजघरात, जाऊन ऊर्जासाखळीतला पहिला टप्पा, कॉम्प्लेक्स वन, बंद पाडतात. कॅन्सरच्या पेशींवर ह्यांचे पेपर ढिगानं आहेत, तिनं ते वाचले होते.

पण आतड्याचाच कॅन्सर का, तर घरचं कारण. तिच्या चुलत्यांना, नानांना, शौचातून रक्त जायचं, वर्षभर मूळव्याध म्हणून झाडपाला चालला, आणि शेवटी तपासलं तेव्हा गुदाशयाचा कॅन्सर निघाला. आपल्याकडं हे इतक्या घरांत घडतं की ऐकताना कुणी दचकत पण नाही. नानांची केमो चालू झाली त्याच वर्षी तिनं रजिस्ट्रेशन केलं.

कामाची तयारी नीट केली होती हे सांगितलं पाहिजे. झाडाचा नमुना पुण्याला भारतीय वनस्पती सर्वेक्षणच्या पश्चिम विभागात ओळख पटवायला पाठवला. बिया सावलीत वाळवल्या, दळल्या, हेक्झेननं तेल काढलं, मग मिथेनॉलमध्ये थंड भिजवण, रोटरी मशीनवर मिथेनॉल आटवून चिकट अर्क. टीएलसी प्लेटवर, म्हणजे अर्कातली द्रव्यं वेगवेगळी करणाऱ्या पातळ थरावर, केडे रिएजंट नावाचं रसायन मारलं की गुलाबी-जांभळा ठिपका यायचा, म्हणजे ॲसिटोजेनिनमधली लॅक्टोन कडी आहे असं मानायला जागा होती. शुद्ध संयुग वेगळं केलेलं नव्हतं, हा कच्चा अर्कच होता. पेशी पुण्याच्या एनसीसीएस, म्हणजे राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातून आणल्या, एचसीटी-११६ आणि एचटी-२९, दोन्ही आतड्याच्या कॅन्सरच्या, पहिलीत कॅन्सरला आवर घालणारं पी-५३ जनुक धड आहे आणि दुसरीत बिघडलेलं, म्हणून दोन घेतल्या. फ्लास्क मीडियमनं, म्हणजे पेशी ज्यात वाढतात त्या पोषक द्रवानं, गच्च भरून, थर्मोकोलच्या डब्यात, रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं, डबा मांडीवर. लॅबमध्ये लाईट गेली की इन्क्युबेटर यूपीएसवर, आणि एप्रिलच्या कोरड्या हवेत प्लेटच्या कडेच्या खळग्यांतलं मीडियम आटायचं म्हणून कडेच्या सगळ्या खळग्यांत नुसतं बफर भरायचो, त्यांचं रीडिंग घ्यायचोच नाही. शहाण्णव खळग्यांतले साठच कामाचे उरायचे पण आकडा तरी भरवशाचा यायचा.

अडचण

पहिली मोठी चाचणी एमटीटी. ज्यांनी केली नाही त्यांच्यासाठी सांगतो, एमटीटी म्हणजे एक पिवळा रंग, जिवंत पेशी आपल्या चयापचयानं त्याचा जांभळा करते, जेवढा जांभळा जास्त तेवढ्या पेशी जिवंत असं धरायचं, आणि ५७० नॅनोमीटरला मशीन आकडा देतं. १९८३ पासून जगभर चालतेय, स्वस्त आहे, चार तासात होते, म्हणून आपल्याकडं झाडपाल्यावरच्या बहुतेक थिसिसमध्ये हीच असते आणि पुष्कळदा हीच एकटी असते.

अर्क घालून २४ तासांनी प्लेट बघितली तर जांभळा रंग जवळजवळ गेलेला. डोस वाढवला की रंग आणखी फिका, रेघ एकदम सुंदर. कच्च्या अर्काचा आयसी-५०, म्हणजे रंग निम्म्यावर आणणारा डोस, मिलिलिटरला ३० मायक्रोग्रॅमच्या खाली आला की दखल घ्यायची असा एक प्रघात आहे, आमचा त्याच्या बराच खाली होता. तीनदा केलं, तीनदा तेच. विभागात पेढे वाटले गेले.

मला एक शंका होती ती मी तपासली होती. झाडांच्या अर्कातली फेनॉलिक द्रव्यं पेशी नसतानासुद्धा एमटीटीचा जांभळा करून टाकतात, म्हणून पेशींविना नुसता अर्क आणि एमटीटी असे खळगे ठेवले होते. तिथं रंग आला नाही. झालं, मी निश्चिंत. आता कळतं की मी चूक एकाच दिशेनं शोधत होतो. मेलेल्या पेशी जिवंत दिसतायत का एवढंच बघितलं, जिवंत पेशी मेलेल्या दिसतायत का हे बघितलंच नाही.

ते तिनं बघितलं. चौथ्या वेळी एमटीटी घालायच्या आधी तिनं प्लेट मायक्रोस्कोपखाली धरली आणि मला बोलावलं. म्हणाली, "सर, आकडा सांगतो निम्म्याहून जास्त मेल्या, पण मला मेलेल्या दिसंनात." मी बघितलं. मेलेली पेशी गोल होते, तळ सोडते, तरंगते. इथं पेशी तळाला चिकटून, पसरलेल्या, कडा स्पष्ट, तरंगणाऱ्या मोजक्याच. मी म्हणलं, वेळ लागतो सुटायला, तू रीडिंग घे. हा माझा पहिला चुकीचा निर्णय. पेशी समोर दिसत असताना मी मशीनचं ऐकलं, कारण मशीनचा आकडा मला हवा तसा होता.

तिनं रीडिंग घेतलं, पण उरलेल्या खळग्यांत ट्रायपॅन ब्लू घालून काचेवर मोजलं. मेलेल्या पेशीत निळा रंग शिरतो, जिवंत पेशी त्याला बाहेर ठेवते. बहुतेक पेशी स्वच्छ होत्या. दुसऱ्या दिवशी वही माझ्या टेबलावर ठेवून ती काही न बोलता उभी राहिली.

पर्याय

त्या आठवड्यात आम्ही तिघं, म्हणजे ती, मुख्य गाईड आणि मी, बसलो. समोर रस्ते असे होते.

एक, आहे तेच लिहायचं. एमटीटीचा डेटा खोटा नव्हता, रीडिंग खरी होती, असे पेपर छापून येतात, आणि फेलोशिपचे महिने संपत आले होते. गाईडचा कल इकडं होता आणि मी त्यांना दोष देत नाही, एका पोरीचं शिक्षण वेळेत पूर्ण होणं ही बारीक गोष्ट नाही, तिच्या घरात तिच्या आधी कुणी बारावीच्या पुढं गेलेलं नव्हतं.

दुसरा रस्ता म्हणजे सीताफळ सोडून दुसरं झाड धरायचं. हा दोन मिनिटांत बाद झाला, दुसऱ्या झाडाला पण हीच एमटीटी लावली असती.

तिसरा, सहा महिने वाढवून घ्यायचे आणि शोधायचं की अर्क नक्की करतोय काय. खर्च होता, सीरमची, म्हणजे पेशींच्या मीडियममध्ये घालायच्या रक्तद्रवाची, एक बाटली संपली की आमच्यासारख्या सेंटरमध्ये पुढच्या बाटलीसाठी महिनाभर फाईल फिरते.

ती म्हणाली, "सर, नानांना मी काय सांगू की हे मारतं का थांबवतं?" तिनं विचारलं ते एवढंच, पण पहिला रस्ता तिथंच बंद झाला. नानांचं नाव निघाल्यावर गाईडनीच मुदतवाढीचा अर्ज काढायला सांगितला.

काय केलं

आधी एसआरबी. ह्यात पेशींना ॲसिडनं तळाला पक्कं करून त्यांच्यातल्या प्रथिनाला गुलाबी रंग देतात, म्हणजे चयापचय चालू आहे का बंद ह्याच्याशी घेणंदेणं नाही, तळाला पेशी किती आहेत एवढंच मोजलं जातं. एमटीटीत जो डोस जीवघेणा दिसत होता तिथं एसआरबीत पेशी कंट्रोलपेक्षा, म्हणजे अर्क न घातलेल्या खळग्यांपेक्षा, कमी होत्या, पण सुरुवातीला लावल्या त्यापेक्षा कमी नव्हत्या. म्हणजे वाढ थांबलेली, मरण नाही. ७२ तास आणि वरचे डोस गेले तेव्हा खरं मरण दिसायला लागलं, ते पण लिहिलंय.

मग धुऊन बघितलं. २४ तासांनी अर्क काढून ताजं मीडियम दिलं आणि दोन आठवडे ठेवलं, किती पेशी पुन्हा वसाहती धरतात ते बघायला. खालच्या डोसला पुष्कळांनी धरल्या. पेशंटच्या भाषेत सांगायचं तर औषध थांबलं की गाठ परत.

आता का, हा प्रश्न. ॲसिटोजेनिन कॉम्प्लेक्स वन बंद पाडतात हे माहीत होतंच, तर मायटोकॉन्ड्रिया थंडावला की एमटीटीचा रंग पण कमी होणार, पेशी जिवंत असली तरी. आणि पेशी जिवंत का राहते, तर आपण डिशमध्ये तिला साखरेचा डोंगर दिलेला असतो. कॅन्सरची पेशी नुसतं ग्लुकोज आंबवून भागवू शकते, तिला मायटोकॉन्ड्रिया बंद पडला तरी काही दिवस चालतं.

हे तपासायचा प्रयोग सगळ्यात स्वस्त निघाला. मीडियममधलं ग्लुकोज काढून गॅलॅक्टोज घातलं. गॅलॅक्टोजवर पेशीला आंबवून पुरेशी ऊर्जा मिळत नाही, मायटोकॉन्ड्रिया वापरावाच लागतो. सीरममध्ये पण साखर असते म्हणून डायलाईझ केलेलं, म्हणजे साखर गाळून काढलेलं, सीरम घ्यावं लागलं, तेवढा एक खर्च. शेजारी रोटेनोन ठेवलं, ते कॉम्प्लेक्स वनचं ओळखीचं विष. गॅलॅक्टोजमध्ये त्याच डोसला, त्याच अर्कानं, २४ तासांत पेशी गोल होऊन सुटल्या. रोटेनोननं पण अगदी तसंच. दोन प्लेटा शेजारी शेजारी ठेवल्या तर कोणती कुणाची ओळखू आली नसती. त्या संध्याकाळी आमच्या लक्षात आलं की आपल्या हातात काय आहे. कॅन्सर ओळखून मारणारं काही नाही, मायटोकॉन्ड्रिया असलेल्या कुणालाही अडवणारं काहीतरी आहे. उवा त्यानंच मरतात.

राहिला प्रश्न साध्या पेशींचा. आधी आम्ही 'नॉर्मल' म्हणून एचईके-२९३ वापरली होती आणि तिच्यावर अर्काचा परिणाम कमी आला म्हणून 'कॅन्सरच्याच पेशी निवडून मारतो' असं वाक्य मी पोस्टरवर जाऊ दिलं होतं. हा माझा दुसरा चुकीचा निर्णय. एचईके ही मुळात गर्भाच्या किडनीतून घेतलेली आणि व्हायरसच्या जनुकांनी अमर केलेली पेशी, ती काही तुमच्या-माझ्या आतड्याची साधी पेशी नव्हे, आणि ती पण साखरेवर तितकीच मजेत जगते. एथिक्स कमिटीची परवानगी काढून निरोगी माणसांच्या रक्तातल्या लिम्फोसाईट, म्हणजे एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी, घेतल्या. शांत बसलेली लिम्फोसाईट मायटोकॉन्ड्रियावरच जगते. तिथं अर्कानं कॅन्सरच्या पेशींपेक्षा जास्त नुकसान केलं.

मध्येच आलेली बातमी

हे सगळं चालू असताना २८ फेब्रुवारीचा विज्ञान दिन आला. पोस्टर जुनंच होतं, एमटीटी आणि एचईकेवालं, ते काढायचं राहिलं. एक वार्ताहर आला, कुणीतरी उत्साहानं समजावलं, आणि दोन दिवसांनी बातमी, सीताफळाच्या बियांनी आतड्याचा कॅन्सर बरा होतो अशा अर्थाची. 'डिशमधल्या पेशींवर' हे शब्द कुठंच नाहीत. व्हॉट्सॲपवर तीच बातमी लक्ष्मणफळानं कॅन्सर बरा होतो ह्या जुन्या मेसेजला चिकटून फिरायला लागली. फोन यायला लागले, परभणीहून, हिंगोलीहून, उदगीरहून. एका बाईनं विचारलं, "दादा, किती चमचे द्यायचे आमच्या मालकाला?" त्या आवाजात जी आशा होती ती अजून माझ्या कानात आहे.

आणि मग तिला घरून कळलं की नानांनी चार दिवसांपासून अर्धा चमचा पूड सुरू केलीय. पुतणीचं संशोधन आहे म्हणल्यावर घरात कुणी शंकासुद्धा घेतली नाही. नानांना उलट्या होत होत्या, सगळे म्हणत होते केमोमुळं. ती त्याच दिवशी गावी गेली, डबा उचलला, आणि नानांना घेऊन छत्रपती संभाजीनगरच्या सरकारी कॅन्सर हॉस्पिटलला गेली, डॉक्टरांना सगळं खरं सांगितलं. उलट्या कशानं हे कुणी छातीठोक सांगू शकलं नाही, पण डॉक्टरांनी पूड बंद करायला लावली, रक्त तपासलं, पुढची केमो आठवडाभर लांबवली.

ती नानांना म्हणाली, "नाना, मी डिशमधल्या पेशीला विष घातलं, ती मेली का नाही ते बघितलं. औषध अजून लई लांब आहे." नाना म्हणाले, "मग पेपरात कामून आलं?"

ह्यावर आमच्याकडं उत्तर नव्हतं. वर्तमानपत्राला खुलासा दिला, आतल्या पानावर छोटा छापून आला. ज्यांचे फोन आले होते त्या प्रत्येकाला आम्ही परत फोन केले, दोघांनी मिळून, तीन संध्याकाळी लागल्या. दोघाजणांनी पूड सुरू केलेली होती. त्यांना कॅरिबियनमधल्या ग्वादलूप बेटाची गोष्ट सांगितली. तिथं १९९९ मध्ये डॉक्टरांच्या लक्षात आलं की नेहमीच्या औषधाला दाद न देणारा पार्किन्सनसारखा आजार जरा जास्तच दिसतोय, आणि त्यातले पुष्कळ पेशंट लक्ष्मणफळाच्या कुळातली फळं आणि त्यांच्या पानांचा काढा नेहमी घेणारे होते. संशय ह्याच संयुगांवर आहे. मेंदूच्या पेशींना मायटोकॉन्ड्रियाशिवाय गत नाही. आपले लोक पिढ्यानपिढ्या गर खाऊन बी थुंकत आलेत ते उगीच नाही.

काय निष्पन्न झालं

थिसिसचं नाव बदललं. आधीच्या नावात 'कॅन्सररोधी' होतं, ते काढून 'आतड्याच्या कॅन्सर पेशींच्या ऊर्जाचयापचयावरील परिणाम' असं केलं. मुदतवाढ मिळाली. शेवटचे चार महिने फेलोशिप नव्हती, ते तिनं एका क्लासमध्ये शिकवून काढले. व्हायव्हाला बाहेरच्या परीक्षकांनी पहिला प्रश्न विचारला तो एमटीटी आणि एसआरबीच्या फरकाचा, आणि ती त्यावर वीस मिनिटं बोलली.

एका गोष्टीवर मात्र आमच्यात अजून मतभेद आहेत. गाईड म्हणतात झाडपाल्यातून आतड्याच्या कॅन्सरवर औषध निघतंच की, नरक्या बघा. बरोबर आहे. सह्याद्रीतल्या नरक्या नावाच्या झाडात कॅम्प्टोथेसिन नावाचं संयुग असतं, आणि त्याच रेणूत फेरफार करून केलेलं इरिनोटेकन आज ह्याच कॅन्सरला देतात. पण कॅम्प्टोथेसिन वेगळं केलं गेलं १९६६ मध्ये, सत्तरच्या दशकात माणसांवरच्या चाचण्यांत पेशंटच्या मूत्राशयातून रक्त जायला लागलं म्हणून काम थांबलं, मग ते टोपोआयसोमरेज वन ह्या एका ठरावीक एन्झाईमला धरतं हे कळलं, रेणू बदलला गेला, आणि अमेरिकेत इरिनोटेकनला मंजुरी मिळाली १९९६ मध्ये. तीस वर्षं. आणि तरी त्याला निदान एक ठरावीक निशाणा होता. आमच्या अर्काचा निशाणा शरीरातल्या जवळपास प्रत्येक पेशीत आहे. माझं मत असं की कच्च्या अर्काच्या थिसिसवर 'कॅन्सर' हा शब्द घालताना हात थरथरला पाहिजे.

वेगळं काय करता आलं असतं

मायक्रोस्कोप आधी, मशीन नंतर. प्लेटचा फोटो काढल्याशिवाय रीडिंग घ्यायचं नाही हा नियम आता आमच्याकडं आहे, पहिल्याच दिवशी असता तर सहा-सात महिने वाचले असते. संयुग मायटोकॉन्ड्रियावर काम करतं हे वाचून माहीत असताना मायटोकॉन्ड्रियावर टेकलेली चाचणी एकटी निवडणं हे मुळातच चुकलं, हे प्रपोजलच्या टप्प्यावर मला दिसायला हवं होतं. एसआरबीला रसायनं फार महाग नाहीत आणि प्लेट रीडर तोच लागतो, त्यामुळं लहान सेंटरला परवडत नाही हे कारण चालणार नाही.

'नॉर्मल' पेशीचं तर सुरुवातीलाच ठरवावं. आतड्याच्या कॅन्सरचं काम असेल तर आतड्याची साधी पेशी, तशी सीसीडी-८४१ सीओएन नावाची लाईन मिळते, ती जमत नसेल तर रक्तातल्या पेशी, आणि एथिक्सचा अर्ज पहिल्या महिन्यात टाकावा, आमचा मंजूर होईपर्यंत बराच काळ गेला.

पोस्टरबद्दल मी अजून स्वतःला माफ केलेलं नाही. ज्या दिवशी ट्रायपॅन ब्लूची वही टेबलावर आली त्याच दिवशी ते भिंतीवरून उतरायला हवं होतं. आता विभागात ठरलंय की पेशींवरचं कुठलंही काम बाहेर सांगायचं असेल तर पहिल्या ओळीत 'डिशमध्ये', आणि कुणी पूड, काढा, चमचा विचारलं तर उत्तर एकच, नाही, आणि डॉक्टरांना दाखवा. शौचातून रक्त जात असेल तर मूळव्याध समजून घरी बसू नका हे पण आम्ही प्रत्येक फोनवर सांगतो.

सध्या

नानांची केमो पूर्ण झाली, आता दर तीन महिन्यांनी तपासणीला जातात, सोबत तीच जाते.

थिसिस झाल्यावर ती वडिलांना लॅब दाखवायला घेऊन आली. त्यांनी गॅलॅक्टोजच्या प्लेटचे फोटो बघितले, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आम्ही दशपर्णी अर्कात सीताफळाचा पाला घालतोच की. कीड मरती ते ठाऊक होतं, कशानं मरती ते आता कळलं." त्यावरून तिनं पुढचं काम धरलंय, बियांच्या तेलाची मावा आणि तुडतुड्यांवर फवारणी, कृषीच्या एका मित्रासोबत. ह्या वेळी प्रपोजलमध्ये तिनं मासे आणि मधमाश्यांवरची चाचणी सगळ्यात आधी टाकलीय, कारण रोटेनोननं मासे मरतात हे तिला चांगलंच माहीत आहे. बियांची पोती लॅबच्या मागच्या खोलीत आहेत, आणि प्रत्येक पोत्यावर तिनं जाड मार्करनं लिहून ठेवलंय, खायचं नाही, डोळ्यांना लावायचं नाही.